झटका येण्याआधी घड्याळाला कळतं का?

प्रश्न : माझं वय ५७. धामणगाव बढे इथे घरची शेती आहे, कापूस आणि मका. मागच्या पोळ्याच्या आधी माझा चुलतभाऊ अचानक छातीत दुखून गेला. मलकापूरला नेताना वाटेतच. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, कधी तापानं निजलेला आठवत नाही. तेव्हापासून पुण्याच्या मुलानं धसका घेतला आणि मला हे हातातलं घड्याळ पाठवलं. म्हणतो, बाबा, हे काढू नका, अ‍ॅटॅक यायच्या आधी हे सांगतं. एका रात्री त्यात ४६ ठोके दिसले, तर बायकोनं मला गदागदा हलवून उठवलं. ट्रॅक्टरवर बसलो की १४० दाखवतं. आणि आईच्या हातावर बांधलं तर आकडाच येत नाही. ती ७८ वर्षांची आहे, चांगली हिंडती-फिरती आहे. आता भरवसा कशावर ठेवायचा?
– एक वाचक, धामणगाव बढे (ता. मोताळा, जि. बुलढाणा)

उत्तर : धडधाकट भाऊ असा डोळ्यांदेखत गेल्यावर घर हादरणारच. मुलानं घड्याळ पाठवलं ते काळजीपोटी, आणि ती काळजी रास्त आहे. पण त्यानं जे सांगितलं ते तपासून घ्यायला हवं, कारण चुकीच्या भरवशावर माणूस गाफील राहतो.

म्हणून मोठ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. तुमच्या भावाला आला तसा झटका आज बाजारातलं कुठलंही मनगटी घड्याळ आधी सांगू शकत नाही. ज्या घड्याळांना ईसीजी काढता येतो, त्यांच्या कंपन्याही ‘याला हार्ट अ‍ॅटॅक ओळखता येत नाही’ असं आपल्या सूचनांमध्ये लिहितात. फक्त त्या बारीक अक्षरातल्या सूचना कोणी वाचत नाही. हृदयाचा दुसरा एक बिघाड मात्र अशा घड्याळाला खरोखर कळू शकतो. आणि तुमच्या घरात त्याचा उपयोग झालाच, तर तुमच्यापेक्षा आईला होण्याची शक्यता जास्त आहे. असं का, ते आता क्रमानं पाहू.

रात्री अंधारात घड्याळ काढून उलटं धरा. मागच्या बाजूला हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त लाल दिसतं ते हिरवा उजेड शोषून घेतं म्हणून. हृदयाचा ठोका पडला की मनगटात रक्ताची लाट येते, तेवढ्या क्षणापुरता हिरवा उजेड जास्त शोषला जातो आणि कमी परत येतो. लाट ओसरली की तो जास्त परत येतो. दिव्यांच्या शेजारी एक बारीक काचेचा डोळा असतो, तो हा चढउतार टिपतो, आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. म्हणजे ते हृदयाकडे पाहत नाही. हृदयातून निघालेली लाट मनगटापर्यंत येऊन पोचली की नाही, एवढंच ते पाहतं.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची आठवण करा. पाणी भरणारा माणूस इंजिनापासून लांब, पाटाच्या टोकाला उभा असतो. पाणी एकसारखं येतंय की गचके खात येतंय, जोर कमी झाला का, हे त्याला तिथूनही कळतं. पण इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या बारीक नळीत गाळ साचत चाललाय, हे त्याला कळायला काही मार्ग नाही. डिझेल मिळतंय तोवर इंजिन नीट चालतं, पाणीही नीट येतं. नळी गच्च झाली की इंजिन थांबतं, आणि मगच त्याला समजतं.

तुमच्या भावाचं बहुधा असंच झालं असावं. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त लागतं ते त्याच्यावरून गेलेल्या करोनरी धमन्यांमधून, म्हणजे त्या डिझेलच्या नळीतून. या धमन्यांच्या अस्तराखाली वर्षानुवर्षं चरबीचा थर साठतो. एक दिवस त्या थरावरचा पापुद्रा फाटतो. शरीराला वाटतं जखम झाली, आणि ते तिथे रक्ताची गुठळी धरायला लागतं. काही मिनिटांत धमनी बंद होते. लोकांना वाटतं की आधी नळी ९० टक्के बंद होते, मग थोडी आणखी, आणि मग झटका येतो. तसं नेहमी होत नाही. पुष्कळ झटके जिथे धमनी अर्धीसुद्धा अरुंद झालेली नसते अशा जागी येतात. म्हणूनच आदल्या दिवशीपर्यंत माणूस नांगरत असतो, फवारणी करत असतो, आणि त्याचे ठोके अगदी नेहमीसारखे असतात. घड्याळाला आदल्या रात्री दिसेल असं काही बहुतेक वेळा घडलेलंच नसतं.

इथे शब्दांचा घोळ मोडून घेऊ, कारण आपण सगळ्याला ‘अ‍ॅटॅक’ म्हणतो. धमनी तुंबून स्नायूचा भाग मरू लागणं, हा झटका. हृदयाची विजेची यंत्रणा एकदम बिघडून ते धडधडायचंच थांबणं, हे हृदय बंद पडणं. झटक्यातून ते होऊ शकतं, पण दोन्ही एक नव्हेत. आणि ‘हार्ट फेल’ म्हणजे हृदय बंद पडणं नव्हेच. पंपाचा जोर हळूहळू कमी होत जाऊन पायावर सूज, चालताना दम, रात्री उशा वाढवाव्या लागणं, हे ते दुखणं. घड्याळाबद्दलच्या बातम्या वाचताना यातलं कुठलं चाललंय ते आधी पाहावं. २०२० मध्ये इंदूरच्या एका ६१ वर्षांच्या निवृत्त गृहस्थांची बातमी आली होती. घड्याळाच्या ईसीजीत ठोक्यांची लय बिघडल्याचं दिसलं, ते वेळेवर दवाखान्यात गेले आणि पुढे हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया झाली. बातमी खरी, पण दुखणं लयीचं आणि झडपेचं होतं. तुंबलेल्या धमनीचं नव्हतं.

‘पण घड्याळात ईसीजी आहे ना?’ असं मुलगा विचारेल. असेल तर चांगलंच. हॉलंडच्या विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हृदयाची वीज कागदावर उतरवली, तेव्हा त्यांचं यंत्र सुमारे २७० किलोचं होतं. ते चालवायला पाच माणसं लागत, आणि रोग्याला दोन्ही हात आणि डावा पाय खारट पाण्याच्या भांड्यात बुडवून बसावं लागे. त्या कामासाठी १९२४ चं नोबेल त्यांना मिळालं. पुढे अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी चालत्या-फिरत्या माणसाचे ठोके टिपणारं यंत्र केलं. पहिलं ३८ किलोचं, पाठीवर पिशवीसारखं बांधायचं. डॉक्टर आज ‘होल्टर लावा’ म्हणतात ते त्यांच्याच नावावरून. आता तेच काम मनगटावर मावतं. एका हाताच्या मनगटाला घड्याळाची मागची बाजू टेकते, दुसऱ्या हाताचं बोट तुम्ही बाजूच्या बटणावर ठेवता, आणि दोन हातांच्या मधली वीज ते मोजतं.

फक्त ही एकच बाजू असते. दवाखान्यातला ईसीजी छातीवर सहा आणि हातापायांवर चार ठिकाणी पट्ट्या लावून हृदय बारा बाजूंनी पाहतो. एखाद्या घराला आग लागली आणि तुम्ही एकाच खिडकीतून पाहिलंत, तर मागच्या खोलीतला धूर दिसणार नाही; तसं हे आहे. छातीत कळ उठलेली असताना घड्याळानं ‘लय नियमित आहे’ असं दाखवलं, तर त्याचा अर्थ फक्त लय नियमित आहे एवढाच. झटका चालू असतानाही लय नियमित असू शकते. हे एक वाक्य मुलाला फोन करून सांगा. घड्याळ ‘ठीक’ म्हणालं म्हणून घरीच थांबलेला माणूस मला सगळ्यात धोक्यात वाटतो.

आता घड्याळाला काय खरंच कळतं ते. हृदयाचे वरचे दोन कप्पे कधीकधी आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात ठोक्यांचा ताल पार मोडतो. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती सुटून मेंदूत गेली की लकवा मारतो. या बिघाडात लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो. पुष्कळांना धडधड जाणवतसुद्धा नाही. आणि ताल मोडणं ही तर पाटाच्या टोकाला उभ्या माणसालाही दिसणारी गोष्ट आहे, म्हणून घड्याळाला ती दिसते. वेळेत कळली तर रक्त पातळ ठेवणारं औषध देऊन लकवा बऱ्याच अंशी टाळता येतो. म्हणजे ‘आधी सांगणं’ इथे खऱ्या अर्थानं आहे, पण ते झटक्याचं नाही, लकव्याचं आहे.

अमेरिकेत ४,१९,२९७ लोकांवर याची मोठी पाहणी झाली. निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे आठ महिन्यांच्या नोंदणीत ताल बिघडल्याची सूचना आली ती २,१६१ जणांना, म्हणजे जेमतेम अर्ध्या टक्क्याला. तरुणांमध्ये ती जवळजवळ येतच नव्हती. ६५ च्या पुढच्यांत मात्र शंभरातल्या तिघांच्या आसपास. सूचना आलेल्यांपैकी काहींना छातीवर चिकटवायची ईसीजीची पट्टी टपालानं पाठवली, ती परत आलेल्या ४५० जणांत ३४ टक्क्यांना दुखणं सापडलं. उरलेल्यांत सगळेच खोटे इशारे नव्हते. हा बिघाड येतो-जातो, पट्टी लागेपर्यंत तो निघूनही गेलेला असतो. पट्टी आणि घड्याळ दोन्ही एकाच वेळी अंगावर असताना घड्याळानं इशारा दिला, तेव्हा तो १०० पैकी ८४ वेळा खरा निघाला.

मग सगळ्यांनीच का घालू नये? याचं उत्तर साध्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब कळला की अशा प्रत्येक यंत्राकडे पाहण्याची नजर बदलते. समजा, तालुक्यातल्या तिशी-चाळिशीतल्या १,००० जणांना घड्याळं बांधली, आणि त्यांत खरोखर पाच जणांना दुखणं आहे. घड्याळ इतकं चांगलं की पाचही पकडतं, आणि निरोगी माणसांत शंभरातून दोनदाच चुकतं. तर ९९५ निरोग्यांतले २० जण उगाच घाबरतील. इशारे २५, खरे ५. आता तेच घड्याळ पंच्याहत्तरीच्या १,००० जणांना बांधा, ज्यांत ५० जणांना दुखणं आहे. खरे इशारे ५०, खोटे १९. यंत्र तेच, चूकही तितकीच. पण एकीकडे पाचातला एक इशारा खरा, दुसरीकडे चारातले जवळजवळ तीन. खोट्या इशाऱ्याची किंमतही असते: बुलढाण्याच्या चकरा, तपासण्यांचा खर्च, रोजगार बुडणं, आणि बायकोची उडालेली झोप.

म्हातारपणीसुद्धा हा हिशेब सरळ नसतो, हे मोकळेपणानं सांगायला हवं. डेन्मार्कमध्ये ७० ते ९० वयाच्या ६,००४ जणांच्या पाहणीत काहींच्या छातीत कातडीखाली सतत ठोके टिपणारं यंत्र बसवलं. त्यांच्यात हा बिघाड तिपटीनं जास्त सापडला, पण लकवा मात्र नजरेत भरेल इतका कमी झाला नाही. काही मिनिटांपुरता मोडून पुन्हा जुळणारा ताल कदाचित तितका घातक नसावा. म्हणून इशारा आला म्हणजे औषध सुरू, असं नाही. वय, रक्तदाब, साखर पाहून डॉक्टर ठरवतात.

आता तुमचे आकडे. झोपेत ४६ ठोके म्हणजे घाबरण्यासारखं नाही. आयुष्यभर शेतात राबलेल्याचं हृदय दणकट असतं. एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून निजल्यावर त्याला फार वेळा धडकावं लागत नाही. गाढ झोपेत चाळिशीतले ठोके अशा माणसांत सर्रास दिसतात. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर ती मुद्दाम ठोके कमी करते. जागेपणीही ठोके इतके कमी राहत असतील आणि सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा शुद्ध हरपणं असेल, तर मात्र दाखवा. बाकी घरच्यांना सांगा, झोपू द्या.

ट्रॅक्टरवरचे १४० बहुधा तुमचे नसावेत, ट्रॅक्टरचे असावेत. हिरवा उजेड टिपायला घड्याळ मनगटाला घट्ट टेकून स्थिर असावं लागतं. ट्रॅक्टर थरथरतो, घड्याळ कातडीवर वरखाली होतं, आणि त्या थरथरीची लय ते ठोक्यांची समजून बसतं. खड्ड्यांच्या रस्त्यावर मोटारसायकलवरही तेच होतं. ट्रॅक्टर थांबवा, खाली उतरा, मानेवर किंवा मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारनं गुणा. आणि स्वस्तातलं घड्याळ असेल तर आणखी एक करून पाहा: एखाद्या जळगावच्या केळ्याला ते बांधा. कित्येक घड्याळं केळ्याचेही ठोके सांगतात, कारण उजेड थोडा हलला की आतलं गणित काहीतरी आकडा काढून देतंच. असा आकडा दिसला म्हणजे घड्याळ टाकाऊ असं नाही, पण पडद्यावरचा प्रत्येक आकडा माणसाचाच असतो असंही नाही. अशा घड्याळांत रक्तदाब आणि ऑक्सिजनचेही आकडे येतात. रक्तदाबासाठी दंडाला पट्टा बांधूनच मोजा.

हृदयाच्या दुखण्याची चाहूल यंत्राला आधी लागलीय, अशी उदाहरणं मुळीच नाहीत असं मात्र समजू नका. ती वर सांगितलेल्या ‘हार्ट फेल’च्या रोग्यांत आहेत, कारण ते दुखणं दिवसादिवसानं वाढतं आणि वाढताना खुणा सोडतं. अमेरिकेत अशा १०० रोग्यांच्या छातीवर एक पट्टी चिकटवली. ठोके, श्वास, हालचाल यांतला बदल संगणकानं त्या-त्या माणसाच्या स्वतःच्या नेहमीच्या आकड्यांशी ताडून पाहिला. दवाखान्यात भरती व्हायची वेळ येण्याआधी साधारण साडेसहा दिवस इशारा मिळाला. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. ज्यांच्या छातीत आधीच यंत्र बसवलेलं असतं, त्यांच्यात अशीच चाहूल साधारण महिनाभर आधी लागल्याची पाहणी २०१७ ची आहे. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी घड्याळाच्या एकाच बाजूच्या ईसीजीवरून पंपाचा जोर कमी झालेलं हृदय संगणकाला बऱ्यापैकी ओळखता येतं, हे २०२२ मध्ये दाखवलं. ही वाट आशेची आहे. पण ही सगळी माणसं डॉक्टरच्या नजरेखालची होती, आणि इशारा उचलून पुढचं करणारं कोणीतरी पलीकडे बसलेलं होतं. या दुखण्यात आपल्याकडे चालेल असा जुना उपाय म्हणजे रोज सकाळी वजनकाट्यावर उभं राहणं. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच डॉक्टरकडे.

आता उरला तुमच्या मनातला खरा प्रश्न: भावाचं झालं ते माझं होणार का, आणि ते आधी कशानं कळेल? याचं उत्तर शोधायला नागपूरपर्यंत जाऊ. पहिला झटका कोणत्या वयात आणि कशानं येतो याची ५२ देशांत पाहणी झाली होती. त्यातली भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळची माहिती घेऊन नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्याकडे पहिला झटका येण्याचं सरासरी वय ५३ निघालं; इतर देशांत ५८.८. कारणं मात्र वेगळी नव्हती, ती आपल्याला लवकर गाठतात एवढंच. त्या पाहणीत नऊ गोष्टींनी जवळजवळ सगळा धोका समजावला: तंबाखू, रक्तातली वाईट चरबी, रक्तदाब, साखर, पोटाचा घेर, मनावरचा ताण, भाजी-फळं न खाणं, हालचाल नसणं, दारू. यातली एकही मनगटावरच्या हिरव्या दिव्याला धड दिसत नाही.

दिसते ती कोणाला? तुमच्या गावच्या आशाताईला. तिशीच्या पुढच्यांसाठी त्यांच्याकडे एक छापील तक्ता असतो. वय किती, तंबाखू खाता का, बिडी ओढता का, दारू रोज घेता का, आठवड्यात १५० मिनिटं हालचाल होते का, घरात कोणाला रक्तदाब, साखर, हृदयविकार आहे का. आणि मग त्या शिवणकामाची टेप काढून कमरेचा घेर मोजतात: पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बाईचा ८०. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवतात, आणि सरकारी दवाखान्यात रक्तदाब-साखर फुकट पाहिली जाते. कागद साधा, टेप साधी. पण पुढे झटका येण्याचा धोका आहे का, हे त्यावरून घड्याळापेक्षा कितीतरी जास्त कळतं. शेतात राबतो म्हणून मला काही होणार नाही, हा आपल्या भागातला मोठा गैरसमज आहे. राबण्याचा फायदा आहेच, पण गालात तंबाखूचा बार असेल आणि रक्तदाब १६० असेल, तर राबणं एकटं पुरत नाही. तुमचा भाऊ ५४ च्या आसपास गेला. सख्ख्या भावाइतकं नाही तरी चुलतभावाचं रक्त तेच. म्हणून रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबीची तपासणी या महिन्यातच करून घ्या.

आणि कळ आलीच तर काय, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या, कारण धामणगाव बढ्याहून मोठा दवाखाना गाठायला वेळ लागतो आणि त्या वेळात स्नायू मरत असतो. छातीच्या मधोमध दाब, जबड्याकडे, डाव्या हाताकडे किंवा पाठीत जाणारं दुखणं, दरदरून घाम, मळमळ, कारण नसताना दम; बायकांना आणि साखर असलेल्यांना कधी नुसतीच अस्वस्थता किंवा प्रचंड थकवा. ‘गॅस असेल’ म्हणून ओवा-सोड्यावर तासभर घालवू नका; आपल्याकडचे कितीतरी जीव त्या तासात गेले आहेत. १०८ ला फोन करा. रक्तस्रावाचा त्रास किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल तर डॉक्टर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला सांगतात. फोनवर विचारून घ्या. मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नका. आणि सगळ्यात आधी जिथे बारा बाजूंचा ईसीजी निघेल अशा दवाखान्यात जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन बारा तासांपर्यंत देता येतं, पण पहिल्या एक-दोन तासांत त्याचा गुण सगळ्यात जास्त. ईसीजी वाचणारा तज्ज्ञ तिथेच बसलेला असावा लागत नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं हातात मावणारं, मोबाइलला जोडलं जाणारं बारा बाजूंचं ईसीजी यंत्र केलंय ते त्यासाठीच, आणि ‘स्टेमी महाराष्ट्र’ या सरकारी उपक्रमात काही जिल्ह्यांतल्या लहान दवाखान्यांचे ईसीजी दूरच्या तज्ज्ञांकडे जातात. हे सगळं ऐन वेळी विचारत बसू नका. तुमच्या जवळच्या कुठल्या दवाखान्यात रात्री दोन वाजता ईसीजी निघतो आणि इंजेक्शन मिळतं, ते आजच एकदा जाऊन विचारून ठेवा.

राहिल्या आई. त्यांच्या हातावर आकडा येत नाही, याचं कारण माझ्या अंदाजानं त्यांच्या मनगटावरच आहे. त्या वयाच्या आपल्याकडच्या बायकांच्या हातावर गोंदण असतं. गोंदणाचा काळपट हिरवा रंग कातडीच्या आत बसलेला असतो आणि तो घड्याळाचा उजेड गिळून टाकतो. खालच्या रक्तापर्यंत तो पोचतच नाही. वर बांगड्या असतील तर घड्याळ उचललं जातं. म्हातारपणी कातडी सैल होते, तेही आहेच. गोंदण नसलेल्या हातावर, बांगड्यांच्या वर चार बोटं जागा सोडून बांधून पाहा. घड्याळात बोट टेकवून काढायचा ईसीजी असेल तर त्याला गोंदणाची अडचण नाही, कारण तो विजेवर चालतो, उजेडावर नाही. त्यांना ओसरीवर बसवा, हात मांडीवर, बोलू नका म्हणावं, आणि अर्धा मिनिट बोट ठेवायला सांगा.

त्याहून सोपंही आहे. त्यांचा तळहात वर करा, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तुमची मधली तीन बोटं हलकी ठेवा आणि मिनिटभर डोळे मिटून नुसती लय ऐका. जात्याच्या फेऱ्यासारखी एकसारखी येत असेल तर ठीक. मधूनच एखादा ठोका चुकला तर तेही बहुतेक वेळा निरुपद्रवी. पण कढईत ज्वारीच्या लाह्या फुटतात तसं, आत्ता दोन, मग थांबून एक, मग एकदम चार, कुठलाच मेळ नाही, असं लागलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन ईसीजी काढून आणा. आणि तो कागद घडी न घालता जपून ठेवा. पुढच्या खेपेला डॉक्टर नवा काढण्याआधी जुना मागतील.